ओल लागू नये म्हणून लावलेलं कुलूप

आधी स्रोत सांगतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर अतिशयोक्तीचा आरोप करणार नाही. ही फजिती माझीच, पण तिचा मधला भाग मी स्वतः पाहिलेला नाही. तो मला गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी सकाळी, अंबाजोगाईच्या बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर, भानुदासमामांकडून कळला. भानुदासमामा आमच्या गावच्या दूध संस्थेचे कॅन टेम्पोतून पोचवतात. नात्याने माझे कुणी नाहीत. गावाने मामा आहेत.

मी चहाचा पहिला घोट घेतला आणि मामांनी विचारलं,

"काय बे सायेब, ड्रमाला कुलूप घालून कावून आलास?"

मी पेला बाकावर ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला? आरं, समद्या गावाला कळलंय! संस्थेच्या चेरमननं तुज्या मायचं टँकरचं पाणी बंद केलंय, तुला पत्ता न्हाई व्हय?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या कुलपाचा आणि आईच्या पाण्याचा संबंध काय? मला त्या क्षणी खरोखर कळला नाही. आणि मी कोण? ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी! कोणती वस्तू कोणत्या वर्गात मोडते, हे ठरवणं हाच माझा अभ्यासविषय. पण धारूरच्या घाटाखालच्या माझ्या स्वतःच्या गावात, ऐन दुष्काळात, कुलूप लावलेला ड्रम कोणत्या वर्गात मोडतो, एवढं मात्र मला ओळखता आलं नव्हतं.

क्रमाने सांगतो.

आमच्या लहानपणी बबलगमच्या पाकिटात पैलवानांचे पत्ते निघायचे. सगळे परदेशी पैलवान. कुणी लांब केसांचा, कुणी मुखवटा घातलेला, आणि सगळे कायम कुणावर तरी संतापलेले. चित्राखाली प्रत्येकाची उंची, वजन, छाती आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या असायच्या. खेळ सोपा होता. एकाने म्हणायचं "वजन", दोघांनी आपापल्या पत्त्यावरचं वजन सांगायचं; ज्याचा पैलवान जड, त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे.

या खेळातला माझा एकमेव आणि कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे ज्ञानोबा. आमचा ज्ञाना. तो माझ्याच वर्गात होता, अर्थात दसऱ्यापर्यंत. दसरा झाला की त्याचं घर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याकडे निघायचं. आमच्याकडे एक रीत आहे. तोडीला जाणारं घर आपली शेळी, कोंबड्या, म्हातारं माणूस, जे मागे राहील ते कुणाच्या तरी हवाली करून जातं. ज्ञानाची मालमत्ता म्हणजे पत्ते. ते तो माझ्या हवाली करायचा.

"कोपीत लई वल आस्ती," तो म्हणायचा. उसाच्या फडाजवळ पाचटाची जी झोपडी बांधतात, ती कोपी. "तिथं ह्येंचा लगदा व्हईल. तुज्यापशी ऱ्हाऊ दे. पर मुखवट्यावाला माजा हाय, ध्यानात ठिव! तुज्यात मिसळशील लेका गुपचूप!"

"मी कशाला मिसळू?"

"तू न्हाई मिसळणार. तू लई नेमाचा हायेस. पर सांगून ठिवलेलं बरं."

ऊस संपून कारखाना बंद झाला की आमच्याकडे म्हणतात, पट्टा पडला. पट्टा पडायचा, टोळ्या परतायच्या, आणि ज्ञाना घरी जायच्या आधी आमच्या ओसरीत यायचा. काळवंडलेला, उंच झालेला, आणि भाषेत तिकडचे चार शब्द घेऊन आलेला. "काढ," एवढंच म्हणायचा. मी डबा काढायचो.

मग एका वर्षी पट्टा पडला, टोळ्या परतल्या, आणि ज्ञाना परतला नाही. त्याचं घर तिकडेच कुणाच्या तरी मळ्यावर कामाला राहिलं, असं कळलं. पत्ते माझ्याकडे राहिले. मी दहावी झालो, बारावी झालो, अंबाजोगाईला आलो, पत्ते राहिलेच. आणि आता एक गोष्ट सांगतो, ती कृपया बाहेर बोलू नका. सुट्टीत घरी गेलो की मी तो डबा उघडतो आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. ज्ञानाचा डाव अगदी प्रामाणिकपणे खेळतो. अडचण एकच. तो हरला तरी चिडत नाही. न चिडणाऱ्या ज्ञानाशी खेळण्यात काही अर्थ नाही हो!

तर यंदा माघात त्याच्या चुलतभावाकडून निरोप आला, की ज्ञाना गावच्या जत्रेला येतोय. आमची जत्रा चैत्री पौर्णिमेला. म्हणजे इतक्या वर्षांनी तो ओसरीत येणार, "काढ" म्हणणार, आणि मी त्याचे पत्ते त्याने दिले होते तसेच्या तसे त्याच्या हातात ठेवणार. जगाकडून माझी तेवढी एकच अपेक्षा होती.

मी लगेच घरी जाऊन डबा उघडला, आणि हादरलो. डब्याच्या कडा गंजलेल्या. एका पैलवानाचा गुडघा कसरीने खाल्लेला. सुदैवाने तो पैलवान माझा होता. पण आज माझा गुडघा, तर उद्या ज्ञानाचा मुखवट्यावाला! आम्हाला कागदाच्या जतनाचा एक स्वतंत्र पेपर आहे. त्यात स्पष्ट शिकवलं आहे की कागदाचा पहिला शत्रू ओल. मंडळी, सगळा तालुका ज्या गोष्टीसाठी आभाळाकडे तोंड करून बसला होता, तिच्यापासून बचाव करायला निघालेला मी एकटाच.

आमच्या ओसरीत निळ्या प्लास्टिकचे दोन ड्रम आहेत. गावाला टँकर लावला होता तो दूध संस्थेने. जनावरं जगली तर दूध, आणि दूध आलं तर संस्था. संस्थेच्या नेमाप्रमाणे प्रत्येक बारीला घरटी एकच ड्रम भरून मिळत असे, त्यामुळे आमचा दुसरा ड्रम महिनोन्‌महिने कोरडा ठणठणीत पडून होता. उंदीर कुरतडणार नाही, उजेड शिरणार नाही, ओल तर औषधाला नाही. आदर्श संग्रहालय!

फक्त एक धोका होता. दुष्काळात रिकामा ड्रम ओसरीतून चालत जातो. म्हणून मी तो अर्ध्यापर्यंत वाळूने भरला. वाळूवर नवा पत्र्याचा डबा, डब्यात पत्ते, भोवती तुरीचं भुसकट दाबून बसवलेलं, वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि पाल्यात बुटांच्या दुकानातून मागून आणलेल्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. वर झाकण, झाकणाला लोखंडी कडं, कड्याला कुलूप. आणि दर्शनी भागावर माझ्या सुवाच्य अक्षरात सूचना: "यास ओल लागू देऊ नये. परवानगीशिवाय उघडू नये."

आईने विचारलं, "काय रं हाय त्यात?"

पदव्युत्तर शिक्षण घेणारा मुलगा उघड्याबंब पैलवानांची चित्रं कुलपात ठेवतो, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "महत्त्वाची कागदपत्रं आहेत, माय. कुणालाही उघडू देऊ नकोस."

आणि किल्ली खिशात घालून मी अंबाजोगाईला आलो. निश्चिंत मनाने!

यापुढचं भानुदासमामांच्या तोंडचं.

आमच्या शेजारी शेवंताकाकू राहतात. दोन्ही घरांत एक भिंत आहे, पण काकूंनी तिला कधी फारसं मानलेलं नाही. दुष्काळात ड्रममध्ये पाणी किती, हे आमच्याकडे कुणी झाकण उघडून पाहत नाही, टिचकी मारतात. रिकामा ड्रम 'ढण्ण' वाजतो, भरलेला 'ठप्प'. काकूंनी जाता जाता सहज माझ्या संग्रहालयाला टिचकी मारली.

ठप्प.

"बाई गं!" काकू म्हणाल्या. "भरल्याला हाय! आन्‌ वर कुलूप!"

आईने सांगितलं, "कागदं हायेत त्यात, पोराची."

"कागदं ठप्प वाजत्यात व्हय?"

 

संध्याकाळपर्यंत अख्खी आळी टिचक्या मारून गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की पाणी साधं नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सलाइनमध्ये भरतात ते शुद्ध पाणी सायबाने आणून ठेवलं आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, आणलं कशाचं? ओसरीखाली झरा लागलाय, ड्रम नुसता वर झाकायला ठेवलाय! संस्थेच्या सचिवांनी माझी सूचना मोठ्याने वाचली आणि तिचा अर्थही लावून दिला. "ओल लागू देऊ नये. म्हंजे आतलं पाणी झिरपून भाईर ओल दिसू देऊ नका. पोरगं हुशार हाय. आडून लिवतंय."

शेवटी चेरमन आप्पा स्वतः आले. त्यांनी टोपी काढली, ड्रमला कान लावला, वेगवेगळ्या उंचीवर टिचक्या मारल्या, आणि निकाल दिला: "बाई गुणाची हाय, पर पाणी हाय." ज्याच्याकडे पाणी शिल्लक, त्याने थांबायचं, हा संस्थेचा नेम. आमची बारी गेली. पुढचीही गेली.

आईने मला कळवलं नाही; माझा अभ्यास चालू होता ना! तिने म्हशीसाठी आणि स्वतःसाठी घागरी उसन्या आणल्या, त्याही कुणाकडून? शेवंताकाकूंकडून! आणि काकू प्रत्येक घागर देताना म्हणायच्या, "लई काटकसरीच्या बाई तुमी! घरचं ऱ्हाऊ देता आन्‌ आमचं नेता."

"आन्‌ तरी तुज्या मायनं कुलपाला हात लावला न्हाई बघ," मामा म्हणाले. "चेरमन म्हणले फोडू, तर आडवी झाली. पोरगं सांगून गेलंय म्हणली."

मी चहा तसाच ठेवला आणि समोर लागलेल्या धारूरच्या गाडीत चढलो.

गावात पोचलो तेव्हा टँकर आमच्याच आळीत उभा होता, आणि आमच्या ओसरीत ग्रामसभा भरली होती. खाटेवर चेरमन आप्पा, उंबऱ्याशी सचिव, भिंतीला टेकून शेवंताकाकू. आई म्हशीजवळ उभी होती. ती माझ्याकडे बघून हसली, आणि तिचे ओठ फुटलेले मला दिसले.

"या सायेब," आप्पा म्हणाले. "उघडा."

"आप्पा, यात पाणी नाही."

"मग काय हाय?"

"कागद."

"कसले?"

"संग्राह्य," मी म्हणालो.

आप्पांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव दबक्या आवाजात म्हणाले, "लई म्हागाचं काय तरी आसंल."

"आप्पा, कागदाला ओलीपासून धोका असतो. वातावरणातल्या आर्द्रतेमुळे..."

"वल?" आप्पांनी आधी घाटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग समोरच्या वाळलेल्या लिंबाकडे. "वल? आरं बाबा, कुठं हाय ती? आमाला दाव! लिंबागणेशच्या गणपतीची आण, आत्ता टँकर माघारी लावतो!"

सगळी ओसरी हसली. मला वाटतं म्हैससुद्धा.

"किल्ली काढ बे," सचिव म्हणाले.

"किल्ली अंबाजोगाईला आहे," मी सांगितलं. "सुरक्षित आहे."

यानंतरच्या हशात शेवंताकाकू आत जाऊन वरवंटा घेऊन आल्या. त्या तयारीनेच होत्या, असा माझा अंदाज आहे. एका घावात कुलूप गेलं. झाकण निघालं. आप्पांनी बाह्या सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. पाला निघाला. भुसकट निघालं. एक पुडी निघाली. आप्पांनी ती फोडून तळहातावर घेतली.

"साबुदाणा हाय की!"

"आप्पा, खाऊ नका!" मी ओरडलो. आयुष्यात मी चेरमनवर इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच ओरडलो असेन.

मग डबा निघाला. आप्पांनी झाकण उघडलं, चष्मा लावला आणि वरचा पत्ता उचलून हातभर लांब धरला.

"ह्यो कोन?"

"पैलवान."

"उघडाच हाय की." आप्पांनी पत्ता उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "ह्येच्यासाठी तुज्या मायनं दोन बाऱ्या तहान काढली?"

मी कागदाच्या जतनावर विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत पानंच्या पानं लिहिली आहेत. या प्रश्नाला मला एक ओळ सुचली नाही.

बरं, लोक तरी किती वेळ गंभीर राहणार? सचिवांनी दुसरा पत्ता उचलला. "वजन लिवलंय का? आप्पा, ह्यो तुमच्यापरीस जड हाय!" "आण हिकडं! छाती किती ह्येची?" दोनच मिनिटांत संस्थेचं अख्खं संचालक मंडळ पैलवानांच्या छात्या तोलत बसलं. टँकरवाला हॉर्न वाजवून थकला. मग आप्पांनीच हुकूम सोडला, "ह्या बाईचे दोनी ड्रम पैल्यांदा भरा," आणि मी भर उन्हात माझ्या संग्रहालयातली वाळू घमेल्याने उपसू लागलो.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. हसलो असतो आणि विसरलो असतो.

पण आईने मुखवट्यावाला पत्ता उचलला, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "ह्यो ज्ञानाचा तर न्हवं?"

"त्याचाच. अर्धे पत्ते त्याचे, अर्धे माझे. जत्रेला येतोय ना तो, म्हणून तर एवढं सगळं केलं."

"आरं," आई म्हणाली, "त्यो तर येऊन गेला की बुधवारी."

घमेलं माझ्या हातातच राहिलं.

"आता सोत्ताच तोडीला जातो म्हणला. एका कारखान्याचा पट्टा पडला, आता दुसऱ्याकडं निगालेत. टोळीचा ट्रक घाटाखाली पंक्चर झालता, तवर चालत आला. संगं बायकू, कडंवर लेकरू. जत्रंपतूर मुकादम थांबत न्हाई म्हणला, म्हणून आत्ताच भेटून जातो."

"मग मला का नाही..."

"तू आठवड्यानं येणार व्हतास. तवा सांगावं म्हणलं. बसला रं लई येळ. खाटंवर बायकू-लेकरू, मग ह्यो कुठं बसंल? म्या म्हणलं, बस त्या ड्रमावर, घट्ट हाय."

"ड्रमवर बसला?"

"पाय हालवत. ल्हानपनी बसायचा तसा."

मी पुढचा प्रश्न विचारायला नको होता. पण शास्त्रशुद्ध चौकशीची सवय! "काही विचारलं का त्याने?"

"विचारलं की. काकू, आमचे पैलवानाचे पत्ते हायेत का त्याच्यापशी आजून? म्या म्हणलं, पत्ते कुठले बाबा आता? लई शिकला त्यो. महत्त्वाची कागदं तेवढी ठिवतो, कुलपात घालून. आसलं काय ऱ्हातंय व्हय त्याच्यापशी?"

"मग?"

"मग काय न्हाई. बराबर हाय म्हणला."

आई त्या पत्त्यावरची धूळ पदराने पुसू लागली. धूळ नव्हतीच त्यावर. माझं काम तितकं चोख होतं. "लेकराला वाटंसाठी बाटली भरून मागितली," ती म्हणाली. "घागरीत उरलंच किती व्हतं? अर्धी भरली म्या."

यावर शेवंताकाकू भिंतीपासून सरळ झाल्या. इतका वेळ आवाज करणारी ती बाई, आता हळू बोलली.

"म्या त्याला वाटंत गाठलं. म्हणलं, अर्धीच बाटली कावून? तू ज्येच्यावर बसलातास त्यो ड्रम भरल्याला हाय की लेका! तुज्या दोस्तानंच कुलूप घातलंय त्याला, मायलाबी उघडू देत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला काय सपान पडलं व्हतं व्हय, आत पैलवान हायेत म्हणून?"

ज्ञानाचा फोन नंबर आईने मागितला नव्हता, त्याने दिला नव्हता. चुलतभावाकडचा नंबर लागत नाही. टोळी कुठल्या वाटेने गेली, हे सांगणारे तीन जण भेटले आणि तिघांनी तीन गावं सांगितली.

जतनशास्त्राच्या निकषांवर पाहिलं, तर माझा प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला आहे, हे मला नमूद केलंच पाहिजे. ओल लागली नाही, कसर लागली नाही, उंदीर फिरकला नाही. संरक्षण इतकं पक्कं होतं की ज्याच्यासाठी पत्ते जपले तो माणूस त्यांच्यावर पाय हलवत बसून गेला, आणि त्यालासुद्धा ते मिळू शकले नाहीत! माझ्या विषयात याहून कडेकोट बंदोबस्त कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

एका बाबीची खातरजमा मात्र मला आजवर करता आलेली नाही. ड्रममध्ये पाणी आहे, हे काकूंचं बोलणं ऐकून ज्ञानाने नेमकं काय केलं? काकू म्हणतात, तो हसला, आणि म्हणाला, "न्हाई काकू, त्यो तसला न्हाई." आळीच्या टोकाचा किराणावाला तिथेच उभा होता. तो म्हणतो, ज्ञाना काहीही बोलला नाही. बाटली उजेडात धरून किती पाणी आहे ते त्याने पाहिलं, लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि घाटाच्या दिशेने चालू लागला. काकूंना त्या दिवसापासून माझी दया येते, त्यामुळे त्यांची साक्ष मला ग्राह्य धरता येत नाही. आणि किराणावाला, मंडळी, आमच्या गावात कधीही खोटं न बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो.